लग्न आपलं, लॉन कुणाचंही

मुहूर्ताच्या संध्याकाळी नाशिकच्या छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरून एकदा चक्कर मारून बघा. रांगेनं लॉन्स, प्रत्येकाच्या कमानीवर दोन नावं आणि आत सगळं एकसारखं: फुलांची भिंत, पांढऱ्या धुरातून होणारी नवरा-नवरीची 'एंट्री', स्टेजवर दोन सिंहासनं, कोपऱ्यात चाटचा आणि पास्त्याचा स्टॉल. एखादा पाहुणा चुकून शेजारच्या लॉनमध्ये शिरला, तर जेवून, हात धुऊन, आहेराचं पाकीट घेऊन स्टेजवर चढेपर्यंत त्याला पत्ता लागायचा नाही.

'आमचं लग्न जरा वेगळं हवं' असं म्हणणारी मुलं-मुली यातून सुटायला बघतात आणि थेट इव्हेंटवाल्याकडे जातात. तो अल्बम उघडतो. राजस्थानी थीम, फिकट रंगांची थीम, जंगल थीम. निवड होते, पैसे भरले जातात आणि लग्न शेजारच्यापेक्षा वेगळं होतं खरं, पण तुमचं होत नाही. तीच थीम पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दोन नावांखाली उभी असते.

माझं म्हणणं साधं आहे. डोकं आणि पैसा आधी विधीत घाला, मग पंगतीत, मग वस्तूंमध्ये. स्टेज सर्वांत शेवटी. आपल्याकडे हा क्रम बरोबर उलटा लागतो.

आधी विधी

स्वतःच्या विचारानं लग्न लावण्याची गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह झाला. वधू राधा, ही सावित्रीबाई फुले यांच्या मैत्रिणीची मुलगी, आणि वर सीताराम आल्हाट. भटजी नाही, हुंडा नाही, बडेजाव नाही. पुढे ओतूरला असाच विवाह पुरोहिताशिवाय लागला, तेव्हा तिथल्या जोशांनी दक्षिणेच्या हक्कासाठी दावा लावला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. १८९० मध्ये निकाल यजमानांच्या बाजूनं लागला. त्याआधी १८८७ मध्ये जोतीराव फुल्यांनी पूजाविधीचं पुस्तक काढलं होतं आणि त्यात मंगलाष्टकंही स्वतः रचून घातली होती. त्यांत वधू वराला स्त्रियांच्या हक्कांबद्दल थेट विचारते आणि वर सर्वांसमोर शब्द देतो. नाशिक जिल्ह्यातही या विचारानं मूळ धरलं. १९१४ मध्ये सुरू झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाज या शिक्षणसंस्थेच्या संस्थापकांवर सत्यशोधकी विचारांचा ठसा होता. दीडशे वर्षांपूर्वी लोकांनी विधीचा मजकूर बदलायची हिंमत केली आणि आज आपण फक्त पडद्याचा रंग बदलतो, हे मला थोडं खटकतं.

मात्र विधीला हात लावण्याआधी कायदा नीट समजून घ्या. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार, वधू किंवा वर यांच्यापैकी एका बाजूच्या रूढीप्रमाणे विधी व्हावे लागतात. सप्तपदीची रूढी असेल तर सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो. आवश्यक विधीच केले नाहीत आणि नुसतं नोंदणीचं प्रमाणपत्र मिळवलं, तर त्यानं हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं. विवाह म्हणजे नाचगाणं आणि खाणंपिणं नव्हे, असंही त्याच निकालात सुनावलं.

म्हणजे वाटा दोन. विधी ठेवायचे असतील तर सप्तपदी पूर्ण करा आणि तिच्याभोवती तुमचं काय ते जोडा. विधी नकोच असतील, किंवा धर्म वेगळे असतील, तर आधी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करा आणि मग सोहळा हवा तसा रचा. त्यासाठी दोघांपैकी एकजण निदान ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहिला आहे तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. नोटीस लागल्यावर ३० दिवस थांबावं लागतं आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर लग्न उरकावं लागतं. मुलगा बंगळूरला, मुलगी पुण्यात आणि सोहळा नाशिकला असेल तर हे गणित पहिल्याच महिन्यात मांडा. पत्रिका छापल्यावर नव्हे. बौद्ध पद्धतीच्या लग्नात विधी मुळातच आटोपशीर असतो. तिथे कापण्यासारखं काही नाही, फक्त सर्वांना नीट ऐकू जाईल एवढं बघा.

आता मंगलाष्टकं. कल्पकतेला एवढी मोठी आणि एवढी फुकट जागा दुसरी नाही. पूर्वी घराघरात एखादी आत्या किंवा मामा असे, जो दोन्ही घरांची नावं गुंफून मंगलाष्टक रचत असे. आता रेकॉर्ड लावतात. रचायला बसाल तर वृत्त शार्दूलविक्रीडित: एका ओळीत १९ अक्षरं, म-स-ज-स-त-त हे सहा गण आणि शेवटी एक गुरू, बाराव्या अक्षरावर थांबा. गण समजत नसतील तर 'गागागा ललगा लगाल ललगा, गागाल गागाल गा' एवढं पाठ करा आणि प्रत्येक ओळ त्यावर बसवून बघा. कडव्याच्या शेवटी येणारा 'कुर्यात् सदा मंगलम्' हा नेहमीचा आशीर्वाद थांब्यानंतरच्या सात अक्षरांत चपखल बसतो, म्हणजे चौथ्या ओळीची निम्मी मेहनत वाचलीच.

मजकुरात काय घालावं? आजीचं नाव, आजोळचं गाव, कुलदैवत, दोघं भेटले ती जागा, वणीची सप्तशृंगी, गोदावरी. काय घालू नये? पदव्या आणि जावयाची कंपनी. पाच कडव्यांच्या पुढे जाऊ नका. लोक मुठीत अक्षता धरून उभे असतात आणि त्यांत गुडघे दुखणारेही असतात. किती मिनिटं लागतात ते आधी घड्याळ लावून मोजा आणि गुरुजींना सांगा, कारण मुहूर्ताची वेळ त्यांना सांभाळायची असते. आणि म्हणायला सुरात गाणारं माणूस निवडा. ज्येष्ठतेवरून माइक देऊ नका, मग रुसवे झाले तरी चालतील.

अक्षतांचंही ठरवून टाका. मागच्या रांगेतून फेकलेला तांदूळ पुढच्या रांगेच्या डोक्यात आणि शेवटी सगळ्यांच्या पायाखाली जातो. जवळच्या मंडळींनी चिमूटभर अक्षता टाकाव्यात, बाकीच्यांना झेंडूच्या पाकळ्या द्याव्यात. कुणाच्याही धर्माला त्यानं धक्का बसत नाही.

खरी अडचण पुढे आहे. मंगलाष्टकं संपली की वाजंत्री वाजते आणि मांडव जेवणाकडे धावतो. ज्या पावलांनी लग्न लागतं ती सप्तपदी बघायला गुरुजी, दोन फोटोग्राफर आणि पेंगुळलेली करवली एवढेच उरतात. यावर उपाय असा: विधी सकाळी जवळच्या साठ-सत्तर माणसांत करा आणि मोठा स्वागतसमारंभ संध्याकाळी ठेवा. तसं जमत नसेल तर केटररला स्पष्ट बजावा की सप्तपदी होईपर्यंत झाकणं उघडायची नाहीत. गुरुजींना माइक द्या आणि प्रत्येक पावलाला मराठीत अर्थ सांगायला सांगा. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीनं अर्थासह विवाहविधी करण्याची पद्धत बसवली आहे आणि त्यात स्त्री पुरोहितही तयार केल्या आहेत; त्यांची पोथी नुसती वाचली तरी पुष्कळ सुचेल.

सात पावलं अनुक्रमे अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू आणि सख्य यांच्यासाठी असतात. प्रत्येक पावलाला मंत्रानंतर दोघांनी आपलं एकेक वाक्य बोलावं. मूल नको असं ठरवलं असेल तर पाचव्या पावलाला, पुढच्या पिढीसाठी आपण काय करू, ते सांगा. मात्र वाक्यं अशी हवीत, की उद्या कुणी जाब विचारू शकेल. 'तुला कायम आनंदात ठेवीन' हे कुणालाच जमत नाही. 'रविवारचा स्वयंपाक माझा', 'तुझ्या आईच्या औषधपाण्याचं मीही बघेन', 'घर दोघांच्या नावावर घेऊ' ही वचनं साठ साक्षीदारांच्या लक्षात राहतात.

मग, मांडवात कोण उभं राहणार? मुलीची आई एकटी असेल, वडील गेले असतील, तर बहुतेक घरांत तिला मागच्या खुर्चीवर बसवून काका-काकू पाटावर बसतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि तो राज्यभर गाजला. तुमच्या घरचा ठराव तुम्ही चहाच्या टेबलावर करू शकता. आई पाटावर बसेल, तीच हळद लावेल, तीच ओटी भरेल. गुरुजींशी हे आधी बोला. एक नाही म्हणाले तर दुसरे मिळतात. कानपिळीला भाऊ नसेल तर बहिणीनं नवऱ्याचा कान पिळावा. बहिणी जास्त जोरात पिळतात. तांदळाच्या ताटात नवीन नाव लिहिण्याची हौस असेल तर लिहा, पण लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, हे दोन्ही घरांना माहीत असू द्या.

फोटोग्राफरबद्दल एकच. त्यांच्या उभं राहण्याच्या जागा जमिनीवर खडूनं आखून द्या. एरवी पाहुण्यांना अंतरपाट दिसतच नाही, कॅमेरेवाल्यांच्या पाठी दिसतात.

तारीख आणि जागा

नाशिकमध्ये पुढची दोनेक वर्षं तारीख धरताना सिंहस्थ कुंभमेळा विसरून चालणार नाही. ३१ ऑक्टोबर २०२६ ला रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी ध्वजारोहण आहे. अमृतस्नानं २ ऑगस्ट आणि ३१ ऑगस्ट २०२७ ला, तिसरं ११ सप्टेंबरला नाशिकला आणि १२ ला त्र्यंबकला. हे दिवस चातुर्मासातले, त्यामुळे मुहूर्ताशी टक्कर नाही. पण हॉटेलच्या खोल्या, गाड्या आणि रस्ते त्याच्या पुढेमागेही मोकळे मिळतील अशा भ्रमात राहू नका. सिंहस्थात लग्न करू नये असं मानणारी घरंही आहेत. तुम्ही मानत नसाल तरी सासरची आजी मानते का, हे लॉनची अनामत भरण्याआधी विचारा.

द्राक्षबागेतलं लग्न ही नाशिकची खास हौस. सुला वाइनयार्ड्सनं १९९९ च्या सुमारास इथे पाय रोवला आणि त्यानंतर गंगापूर धरणाच्या बाजूला बागा, मुक्काम आणि सोहळे यांची एक वेगळी दुनियाच उभी राहिली. पण फोटो बघून तारीख ठरवू नका, छाटणी बघून ठरवा. द्राक्षाच्या वर्षातून दोन छाटण्या होतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. एप्रिलच्या छाटणीनंतर वेल अक्षरशः सोलून काढल्यासारखा दिसतो. त्या आठवड्यात लग्न ठेवलंत तर मागे तारा आणि खुंट दिसतील. नोव्हेंबरच्या अखेरीपासून बाग भरते, जानेवारी ते मार्च घड असतात. मात्र घड भरायच्या दिवसांत फवारण्या चालू असतात. ओळखीच्या शेतकऱ्याची बाग मागत असाल तर फवारणीचं वेळापत्रक विचारा आणि मुलांना घड तोडू देऊ नका. तो घड त्याच्या वर्षाची कमाई असतो. वाइन द्यायची असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून त्या दिवसाचा परवाना काढावा लागतो. 'जागेवाल्याकडे आहे' या तोंडी उत्तरावर भागवू नका, कागद बघा.

हवा लहरी आहे. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, आणि उघड्यावरच्या रात्रीच्या जेवणाला आजी-आजोबा कुडकुडत बसतात. प्रवेशाशी टोपलीत शाली ठेवा, शेकोट्या पेटवा, आणि शक्य असेल तर गोरज मुहूर्त धरून साडेआठला जेवणं उरका. फेब्रुवारी ते एप्रिल अवकाळी आणि गारा. छताशिवायचं लॉन घेत असाल तर पाऊस आल्यास पंगत कुठे हलवायची, हे त्याच कागदावर लिहून घ्या. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला पावसाळी लग्नाची हौस असेल तर करा, फक्त पाहुण्यांना सांगा की तिथला पाऊस फोटोतल्यासारखा रिमझिम नसतो.

स्वतःच्या शेतात किंवा जुन्या वाड्यात मांडव घालणं मला सर्वांत आवडतं. पण त्यात मेहनत दुप्पट. शौचालयं, गाड्या लावायची जागा, जनरेटर, पिण्याचं पाणी आणि रात्री परतायची सोय, या पाच गोष्टींची उत्तरं मिळाली तरच पुढे जा.

ड्रोनचं प्रकरण नाशिकमध्ये गंभीर आहे. देवळालीत तोफखान्याची शाळा, गांधीनगरला लष्करी हवाई तळ, ओझरला एचएएलचा विमान कारखाना आणि विमानतळ, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. शहराचा बराच भाग उड्डाणाला बंदी किंवा परवानगी लागणाऱ्या पट्ट्यात येतो. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर तुमच्या लॉनची जागा तपासा आणि पोलिसांचा चालू आदेश विचारा. फोटोग्राफर 'होतं सगळं मॅनेज' म्हणेल. गुन्हा दाखल झाला तर त्याच्याबरोबर तुम्हीही ठाण्यात बसाल. लग्नाआधीच्या फोटोंसाठी पांडवलेणी किंवा सिन्नरचं गोंदेश्वर हवं असेल तर ती पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं आहेत, परवानगी काढून जा. नांदूरमध्यमेश्वर पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. तिथल्या पक्ष्यांसमोर धुराचे रंगीत फटाके उडवणाऱ्यांना माझ्याकडून काही सल्ला नाही.

वाजंत्रीसाठी डीजे कशाला? साऱ्या देशात 'नाशिक ढोल' या नावानं जे वाजतं ते इथलंच आहे. एक बरं पथक अर्ध्या तासात जे करतं ते भिंतीएवढ्या स्पीकरला रात्रभर जमत नाही. सुरगाणा-कळवणकडचं पावरी हे आदिवासी वाद्य ऐकलं नसेल तर एकदा ऐका आणि त्या कलावंतांना मानानं बोलवा: ठरलेली बिदागी आधी, आणि पंगतीत पाहुण्यांबरोबर पान. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवायला बंदी आहे, म्हणून वरात लवकर काढा.

हाताची कामं

येवला नाशिकपासून ऐंशी किलोमीटरवर. तिथल्या पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नाशिकची मुलगी पैठणी दुकानातल्या ढिगातून का घेते, हे मला कळलेलं नाही. येवल्यात किंवा शेजारच्या नागड्यात जा, मागावर बसलेल्या माणसाशी बोला, रंग आणि पदरावरचं काम सांगा: मुनिया, बांगडी मोर, कमळ, आसावली. पदर भरगच्च असेल तर काही महिने लागतात, म्हणून लग्नाआधी सहा ते आठ महिने ऑर्डर द्या. हातमागाची ओळख पदराच्या उलट बाजूला. खऱ्या पैठणीत नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. मागे दोऱ्यांचे लोंबते तुकडे असतील तर ती यंत्रमागाची. किंमत परवडत नसेल तर नकलेवर पैसे घालवू नका. आजीची जुनी पैठणी काढा, विरलेला भाग वगळून काठ-पदर वापरा. नवरदेवाचं उपरणं होईल, करवलीचं परकर-पोलकं होईल.

अंतरपाट तर घरीच करावा. पांढरं कापड आणि दोन महिने. दोन्हीकडच्या बहिणी, काकू, मैत्रिणी यांच्याकडे तो आळीपाळीनं फिरवा. प्रत्येकीनं एक चौकोन भरायचा. टाके वेडेवाकडे येतील, येऊ द्या. वारली चित्रांचा मोह अनेकांना होतो. ती चित्रं काढून घ्यायची तर वारली चित्रकाराकडूनच घ्या, त्याच्या नावासह. एक लक्षात असू द्या: वारली लग्नात सवाशिणी भिंतीवर जो लग्नाचा चौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसलेली असते. तो त्यांचा देव्हारा आहे. त्याची फ्लेक्सवर छपाई करून स्टेजमागे लावू नये.

फुलं जवळची घ्या. दिंडोरी तालुक्यात जानोरी-मोहाडीच्या शिवारात पॉलिहाऊसमधला गुलाब आणि जरबेरा भरपूर, झेंडू तर कुठेही. केळीचे खांब, आंब्याचे टाळे, उसाची मोळी एवढ्यावर मांडव देखणा होतो. थर्माकोलला २०१८ पासून राज्यात बंदी आहे, ताटांनाही आणि सजावटीलाही. दुसऱ्या दिवशीचं निर्माल्य गोदावरीत टाकायचं नाही. कुणाच्या शेतात खतासाठी जाईल ते आदल्या दिवशीच ठरवा.

पाहुण्यांना भेट द्यायचीच असेल तर भांडी बाजारातून तांब्या-पितळेची छोटी वाटी घ्या, नाव कोरून न घेता. तुमच्या लग्नाच्या तारखेचा पेला दुसऱ्याच्या घरात कुणी वापरत नाही. किंवा भेटींचे पैसे कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमाला द्या. २००९ मध्ये नाशिकमधून सुरू झालेल्या या योजनेत पुस्तकांच्या पेट्या वाचकांपर्यंत जातात. रुखवतात साखरेच्या तुळशीवृंदावनाशेजारी एक पुस्तकांची पेटी ठेवली तर बघणारे थांबतात.

पंगत

मेनूचा नियम एकच: जेवण बघून दोन्ही घरं कुठली ते कळलं पाहिजे. मुलगा जळगावकडचा असेल तर शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी. मुलगी रत्नागिरीची असेल तर सोलकढी आणि उकडीचे मोदक. त्यात नाशिकची भर: घोटीकडचा तांदूळ, हिवाळ्यात सुरगाण्याची स्ट्रॉबेरी, नागलीचे पापड, सकाळी वऱ्हाडाला झणझणीत मिसळ. जिलेबी समोर तळलेली हवी. बुधा जिलेबीसारखं नामांकित दुकान असलेल्या गावात गार जिलेबी वाढणं बरं दिसत नाही. पदार्थ नऊ-दहाच्या वर नेऊ नका. तीस पदार्थांच्या बुफेत माणूस ताट घेऊन हिंडतो, जेवत नाही.

आणि बसून पंगत घालाच, निदान एक. पळसाच्या पत्रावळी किंवा केळीची पानं, आणि वाढायला घरचीच मुलं. आग्रहाच्या जिलेबीत जी ओळख होते ती स्टेजवरच्या रांगेत होत नाही. विहिणीची पंगत जुनी हौस आहे, तिला एक नवं वळण द्या: मुलीच्या आईनं मुलाच्या आईला वाढायचं, आणि मग उलटही. उखाणे नवरा-नवरीपुरते ठेवू नका. सत्तरीच्या आजोबांना आजीचं नाव घ्यायला लावा. उरलेलं, हात न लागलेलं अन्न कुठे पोचवायचं, ते संस्थेशी आधी बोलून ठेवा. रात्री अकराला फोन फिरवून कुणी येत नाही.

पैसा आणि माणसं

खर्चाची चावी पाहुण्यांच्या यादीत असते. ताटाचा दर ५०० रुपये धरला तर दोनशे नावं कमी केल्यावर एक लाख वाचतात, आणि त्यात वर सांगितलेलं बरंचसं बसतं. यादी कमी करणं हे घरातलं सर्वांत अवघड काम, म्हणून ते सर्वांत आधी करा. मुलगा-मुलगी एकत्र बसा, दोन्ही घरांचा एकूण आकडा ठरवा, आणि मग आई-वडिलांना सांगा. दोन्ही घरांनी खर्च निम्मा-निम्मा वाटावा. 'मुलीकडचे बघतील' हे वाक्य जिथे निघालं तिथे बाकीची कल्पकता वाया गेली.

लॉनच्या करारात वेळ, बाहेरचा केटरर चालतो का, जनरेटर कुणाचा, सफाई कुणाची आणि रद्द झाल्यास अनामत किती परत, एवढं लेखी हवं. पाहुण्यांना वेळ सांगताना हात सैल ठेवा. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण सुरू झाल्यानं मुंबईकरांना कसारा घाटाला पर्याय मिळाला, पण पुण्याहून येणाऱ्यांनी चार तासांऐवजी पाच धरावेत.

दिवसभरासाठी एक माणूस मुखत्यार नेमा. फोटोत यायची हौस नसलेली एखादी चुलत बहीण उत्तम. पैसे द्यायची पाकिटं, गुरुजींची यादी, ढोलवाल्यांचा नंबर तिच्याकडे. नवरा-नवरीचे फोन त्या दिवशी तिच्याच पर्समध्ये.

पहिली पत्रिका आनंदवल्लीच्या नवश्या गणपतीपुढे ठेवायची पद्धत अनेक घरांत आहे, ती ठेवा. पण पत्रिकेत दोन्हीकडच्या आयांची नावं वडिलांइतक्याच मोठ्या अक्षरांत आहेत का, ते छापण्याआधी बघा.

शेवटचं काम हळद उतरल्यावरचं. राज्याच्या १९९८ च्या कायद्यानुसार लग्नानंतर ९० दिवसांच्या आत विवाहाची नोंदणी करायची असते. शहरात महापालिकेकडे, गावात ग्रामपंचायतीकडे. वय आणि पत्ता यांचे पुरावे, फोटो, लग्नपत्रिका आणि तीन साक्षीदार लागतात. साक्षीदार मुंबई-पुण्याला परतण्याआधी त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि सह्या घेऊन ठेवा.